गिझरपर्यंत वीज कंपनीचा निरोप कसा पोचतो: या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं पहिला प्रश्न हमखास रेडिओचा विचारतात. झिगबी शिकू की लोरा (दोन्ही बिनतारी जोडणीचे प्रकार)? वाय-फायवर भागेल का? मी इंदूरमध्येच इलेक्ट्रॉनिक्स केलं, आणि बरीच वर्षं मीटर आणि घरातली उपकरणं यांच्या संदेशवहनाचं काम करतो आहे. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी उपकरण बघा, मग निरोप काय आहे ते बघा, रेडिओ सगळ्यात शेवटी.

विजेची मागणी फार वाढली की कंपनी घरातल्या उपकरणांना थोडं थांबायला सांगते. पण जे थांबू शकतं त्यालाच थांब म्हणण्यात अर्थ आहे. मिक्सरला किंवा टीव्हीला ताटकळत ठेवून कुणाचंच भलं होत नाही. गिझरचं तसं नाही. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर घ्या. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट लागतं, म्हणजे वीसेक मिनिटं. हे काम पहाटे साडेपाचला उरकलं काय नि साडेसहाला उरकलं काय, आंघोळ करणाऱ्याला फरक कळत नाही. पण जानेवारीच्या थंडीत असे हजार गिझर एकाच वेळी चालू झाले की २ मेगावॅटचा भार उभा राहतो. एसीचा कॉम्प्रेसर शक्यतो बंद करायचा नसतो, तापमान एक-दोन अंश वर सरकवायचं असतं. आणि बंद केलाच तर पुन्हा चालू करण्याआधी तीनेक मिनिटं द्यावी लागतात. ई-स्कूटरचा चार्जर सगळ्यात गुणी, रात्रभर त्याला कसलीच घाई नसते.

इंदूरच्या घरात यात एक भर पडते ती मोटरची. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर पंप होत शहरात येतं आणि बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड मिळतं. नळाचं पाणी मोटरने हौदात घ्यायची वेळ आपल्या हातात नाही. पण खालच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी कधी चढवायचं, ते आपल्या हातात आहे. एकच मोटर, पण तिच्या एका कामाला वेळेचं बंधन आणि दुसऱ्याला नाही. उपकरण ओळखायचं म्हणजे हे ओळखायचं. पुस्तकातल्या ‘लवचिक भारांच्या’ यादीत अशी मोटर मला तरी सापडलेली नाही.

आता निरोप. तो ढोबळमानाने दोन तऱ्हांचा असतो. एक, ‘आत्ता वीज महाग आहे, तुझं तू बघ’. दुसरा, ‘सहा ते आठ भार कमी कर’. पहिल्या तऱ्हेला आपल्याकडे नियमांचा आधार मिळाला आहे. ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली दुरुस्ती झाली आणि वेळेनुसार दर आले: १० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती वगळता बाकीच्यांना १ एप्रिल २०२५ पासून. उन्हाच्या तासांत दर कमी, आणि गर्दीच्या तासांत घरगुती ग्राहकाला सामान्य दराच्या किमान १.१ पट. नेमके तास आणि दर राज्याचा नियामक आयोग ठरवतो, म्हणून तुमच्या कोडमध्ये ते कधीही पक्के लिहून ठेवू नका.

दुसऱ्या तऱ्हेसाठी ओपनएडीआर वाचा, म्हणजे भार कमी करण्याचे निरोप पाठवण्याचं खुलं मानक. कॅलिफोर्नियातल्या वीजटंचाईनंतर २००२ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत त्याचं काम सुरू झालं. कंपनीकडचा सर्व्हर ‘घटना’, म्हणजे भार कमी करायची वेळ, जाहीर करतो, ग्राहकाकडचा सॉफ्टवेअरचा तुकडा ती घेतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवतो. आयईईई २०३०.५ हे तसंच दुसरं मानक. त्याचं मूळ झिगबीच्या स्मार्ट एनर्जी प्रोफाइलमध्ये आहे, पण २०१३ च्या मानकात ते इंटरनेट प्रोटोकॉलवर आलं आणि रेडिओशी बांधलेलं राहिलं नाही. नवख्याने मात्र सुरुवात ऑस्ट्रेलियाच्या एएस ४७५५ या मानकापासून करावी असं माझं मत आहे. त्यात एसीला तीनच आज्ञा: कॉम्प्रेसर बंद, अर्ध्या क्षमतेवर चाल, पाऊण क्षमतेवर चाल. निरोप किती छोटा असू शकतो ते त्यावरून कळतं, आणि मग शेकडो पानांच्या मानकांची भीती वाटत नाही.

हे डोक्यात बसलं की जाळ्यांकडे या. इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो: वीज कंपनीचं जाळं मीटरपाशी संपतं, घरातलं जाळं वेगळं. इंदूरमधली पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी (घरातली मोठी मंडळी अजूनही जुन्या वीज मंडळाच्या नावाने एमपीईबीच म्हणतात) स्मार्ट मीटर लावते. पण म्हणून ते मीटर तुमच्या गिझरशी बोलायला लागतं असं नाही. ब्रिटनमध्ये मीटरवरूनच घरात झिगबीचं जाळं निघतं, जपानमध्ये ‘बी मार्ग’ नावाची तशीच वाट आहे. आपल्याकडे निरोप बहुधा दुसऱ्या रस्त्याने येतो: कंपनीच्या सर्व्हरवरून उपकरण बनवणाऱ्याच्या क्लाउडवर, तिथून घरच्या वाय-फायने उपकरणात. मीटरचं काम नंतर, खरंच भार कमी झाला का याची साक्ष देण्याचं.

मीटरच्या बाजूला तीन रस्ते आहेत. आरएफ मेशमध्ये, म्हणजे मीटरांच्या रेडिओ-जाळ्यात, एक मीटर शेजारच्या मीटरमार्फत निरोप पुढे सरकवतं. परवाना न लागणारा ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा २.४ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतींतून बरा जातो, त्यामुळे इंदूरच्या राजवाड्यामागच्या दाट गल्ल्यांसारख्या वस्तीत हे जाळं शोभतं. मीटर जितकी जवळजवळ, तितके पर्यायी रस्ते. घरं विखुरलेली असतील तिथे सिमकार्डचं मीटर बरं. फक्त तळघरातल्या मीटर-खोलीत रेंज येते का ते आधी बघा. तिसरा रस्ता विजेच्या तारेचाच. कल्पना सुरेख, पण स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर तारेत इतका गोंगाट करतात की संध्याकाळी तिथे ऐकू येणं अवघड होतं. या तिन्हींवर बोलली जाणारी भाषा मात्र एकच, डीएलएमएस. रेडिओ बदलला तरी ती टिकते, म्हणून आयएस १६४४४ आणि आयएस १५९५९ ही दोन भारतीय मानकं आधी चाळा.

लोरावान, म्हणजे लोरा रेडिओवरचं जाळं, पुष्कळांना आवडतं. सेन्सरसाठी ते छानच आहे. पण त्याच्या ‘ए’ वर्गातलं उपकरण स्वतः काही पाठवल्यानंतरच क्षणभर ऐकतं. तासातून एकदा बोलणाऱ्या गिझरला ‘आत्ता थांब’ सांगायचं तर तासभर वाट पाहावी लागू शकते. गिझर भिंतीच्या विजेवर चालतो, बॅटरी वाचवायची नाही, तेव्हा सतत ऐकणारा ‘सी’ वर्ग घ्या. जाळं निवडायचं तर प्रश्न हा: निरोप किती वेळात पोचला पाहिजे आणि उलट दिशेने, म्हणजे उपकरणाकडे, तो जातो का. किलोमीटरचा आकडा नंतर.

दोन गोष्टी कॉलेजात कुणी शिकवत नाही. पहिली म्हणजे विखुरणं. आठ वाजता सवलत सुरू झाली आणि शहरातले सगळे चार्जर आठच्या ठोक्याला चालू झाले, तर भाराचा जो कळस टाळायचा होता तो आपणच आठ वाजता उभा केला. वीज जाऊन परत आल्यावरही तेच. म्हणून आयईईई २०३०.५ मध्ये सुरुवात आणि कालावधी यादृच्छिक, म्हणजे प्रत्येक उपकरणाला थोडा वेगळा, करण्याची सोय आहे, ओपनएडीआरमध्येही थोड्या उशिराने सुरू होण्याची मुभा देणारी खिडकी ठेवता येते. ही खिडकी रिकामी सोडलेली मांडणी (कॉन्फिगरेशन) तपासणीत दिसली की मी फाइल परत पाठवतो. दुसरी गोष्ट घड्याळ. मीटर बहुधा अर्ध्या तासाच्या खणांत वाचन ठेवतं. उपकरण जागतिक वेळेवर आणि मीटर भारतीय वेळेवर असेल तर साडेपाच तासांचा घोळ. आणि तो अर्धा तास असा फसवा की आलेख वरवर बरोबरच दिसतो.

माणसांचंही ऐकून घ्यायला हवं. वैशाली नगरातल्या आमच्या शेजारच्या काकूंना मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो. त्या म्हणाल्या, “म्हणजे मी आंघोळीला गेले आणि त्यांनी तिकडून गिझर बंद केला तर?” त्यांना म्हटलं, “काकू, बटण दाबलंत की तुमचंच चालणार.” “मग हे आधी सांगायचं ना!” ‘नको’ म्हणण्याची सोय उपकरणावरच हवी, ॲपच्या चौथ्या पानावर नको.

शिकायला खर्च फारसा नाही. इंदूरच्या महाराणी रोडवर नाहीतर ऑनलाइन एक ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) आणि एक फोटोट्रान्झिस्टर (उजेड ओळखणारा सुटा भाग) घ्या. मीटरवर लुकलुकणारा छोटा दिवा असतो आणि शेजारी युनिटमागे किती ठोके ते छापलेलं असतं. ३२०० असतील तर २ किलोवॅटचा गिझर चालू असताना दिवा सेकंदाला जवळजवळ पावणेदोन वेळा लुकलुकतो. काचेबाहेरून ठोके मोजा, सीलला हात लावू नका. मीटरशी छेडछाडीची प्रकरणं वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली जातात. जुन्या लॅपटॉपवर मॉस्किटो हा निरोपांची ने-आण करणारा एमक्यूटीटी ब्रोकर चढवा, ओपनएडीआरसाठीच्या ओपनलीडर या मुक्त लायब्ररीने खोटी कंपनी आणि खोटं घर उभं करा, आणि गिझरऐवजी साधा दिवा विझवून पाहा. २३० व्होल्टचा रिले जोडायचा असेल तेव्हा जवळ जाणता इलेक्ट्रिशियन हवाच. विद्युतधारा मापणाऱ्या सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) दुय्यम बाजू उघडी ठेवून मुख्य तारेवर कधी चढवू नका, तिथे जीवघेणा दाब तयार होऊ शकतो.

नोकऱ्या सध्या मीटरच्या बाजूला जास्त आहेत. २०२१ च्या सुधारित वितरण योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचं लक्ष्य धरलं होतं, त्यामुळे हेड-एंड (मीटरांची माहिती गोळा करणारं) सॉफ्टवेअर, माहिती तपासणं, जाळ्यातले बिघाड शोधणं यांना माणसं लागतात. पहिली दोन वर्षं खांबांवरच्या, मीटरांचे निरोप गोळा करणाऱ्या गेटवेखाली उन्हात उभं राहण्यात जातील, ती टाळू नका. उपकरणांच्या बाजूला गाडी-चार्जिंगमधून शिरणं सोपं: ओसीपीपी, म्हणजे चार्जर आणि सर्व्हर यांच्यातली भाषा, शिका, त्यात चार्जिंगची गती वेळेनुसार कमी-जास्त करण्याची सोय आधीपासून आहे. मुलाखतीला जाताना एका कागदावर चित्र काढून न्या: दर बदलला तिथपासून मोटर थांबली तिथपर्यंत निरोप कुठे कुठे थांबतो, प्रत्येक टप्प्यावर किती वेळ लागतो, आणि मधला एक टप्पा मेला तर मोटर काय करते.