शिंगावर जाऊ नका: गेंड्या भुंगा आणि शेणकिडा वेगळे कसे ओळखावेत

नारळाच्या बागेत काळा शिंगवाला भुंगा दिसला की चिरडायचा, ही आपली रीत. त्यात शेणकिडे फुकट मरतात. गेंड्या भुंगा नारळाचा कोवळा कोंब पोखरतो. शेणकिडा कुरणातलं शेण जमिनीखाली पुरतो.

भुंगा कुठे सापडला ते लिहून ठेवा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. ‘शेणात सापडला म्हणजे शेणकिडा’ हे साफ चूक. गेंड्याची मादी अंडीच मुळी शेणखताच्या खड्ड्यात, नाहीतर कुजलेल्या माडाच्या खोडात घालते. दिव्यावर तर दोघेही येतात. शिंगाचंही तेच: गेंड्याच्या मादीलाही आखूड शिंग असतं आणि खुज्या शेणकिड्याच्या डोक्यावर नुसतं टेंगूळ.

मेलेला भुंगा कडक झाला असेल तर रात्रभर ओल्या कापसासोबत डबीत ठेवा. मग ब्रशने धुवा.

आधी पाठ. दोन कठीण पंख जिथे मानेकडे मिळतात, तिथे गेंड्याला ठळक त्रिकोणी चकती असते. मोठ्या काळ्या शेणकिड्यांत ती दिसत नाही.

आता उलटा करा आणि मागचा पाय भिंगाखाली घ्या. इथेच सगळे अडकतात. मीही बरेच दिवस अडकलो होतो. नडगीच्या टोकाला गेंड्याला दोन काटे, शेणकिड्याला एक, असं सांगून लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात तिथे दातेरी कड असते, राठ केस असतात, आणि मोजायला गेलं की आकडा दर वेळी वेगळा येतो. म्हणून नुसते मोजू नका, टाचणीने हळूच ढकलून बघा. खरा काटा बुडाशी सांध्यावर हलतो. दात नडगीचाच भाग, तो हलत नाही. फक्त हलणारे मोजा, आणि दोन्ही पायांवर मोजा. शेण-माती उकरताना एखादा काटा तुटलेला असतो, मग गेंड्याही एककाटी दिसतो.

तरी शंका उरली तर मधल्या पायांची बुडं बघा. शेणकिड्यात ती एकमेकांपासून चांगली लांब असतात, गेंड्यात जवळजवळ चिकटलेली.

जिवंत शेणकिडा संध्याकाळी गुरं चरतात तिथे सोडा. गेंड्या निघाला तर शेणखताचा खड्डा उपसा आणि वाकड्या, पांढऱ्या, जाड अळ्या वेचून काढा.