घास अडकू नये म्हणून जेवताना या चुका टाळा

वाटी-चमचा घेऊन लेकीच्या मागे घरभर फिरायचं, हे मीही केलंय. चार घास पोटात गेल्याशी मतलब! पण पळताना, हसताना, रडताना मूल जोरात श्वास ओढतं आणि तोंडातला घास श्वासनलिकेकडे जायला तेवढं पुरतं. म्हणून खाणं बसूनच. उठलं की ताट बाजूला. दोन-तीन दिवस रडारड होईल, होऊ द्या. सारखी चुळबूळ करत असेल तर आधी पाय बघा. ते लोंबकळत असतील तर खाली आधार द्या. बरीच मुलं तेवढ्यानंच स्थिरावतात.

दुसरी चूक म्हणजे ‘दात आलेत की आता’ हा भरवसा. पुढच्या दातांनी तुकडा तुटतो, पण बारीक होतो तो दाढांनी, आणि सगळ्या दुधाच्या दाढा यायला अडीच-तीन वर्षं लागतात. अख्खं द्राक्ष तर बुचासारखं बसतं. ते आडवं कापून भागत नाही, अर्धुक गोलच राहतं. उभे चार भाग करा. कच्चं गाजर किसून किंवा मऊ शिजवून द्या. अख्खे शेंगदाणे, बदाम पाच वर्षांपर्यंत नकोतच, कूट चालेल. पॉपकॉर्न आणि कडक गोळ्याही नकोत.

तोबरा भरायची सवय असेल तर ताटात एका वेळी दोन-तीनच तुकडे ठेवा. गाल फुगलेले दिसले की आपण ओरडतो, मूल दचकतं आणि नेमका तेव्हाच श्वास आत ओढतं. त्यापेक्षा समोर बसून स्वतः सावकाश, जरा नाटकी चावून दाखवा. मग ‘आ कर बघू’ म्हणा, तोंड रिकामं दिसलं की पुढचा तुकडा. हा खेळ मुलांना भलताच आवडतो. मोबाइल लावला की मात्र सगळं मुसळ केरात, कारण तोंडात काय आहे याकडे मुलाचंही लक्ष नसतं, आपलंही.

सगळ्यात घातक चूक घाबरून होते: तोंडात बोट घालणं. घास दिसत नसताना बोट फिरवलं तर तो आणखी खोल जातो. मूल आवाज करत खोकत असेल तर खोकू द्या, जवळ थांबा. उबळ येऊन, डोळ्यांत पाणी येऊन घास बाहेर पडतो, ती शरीराची राखण आहे. घास खरोखर अडकतो तेव्हा आवाजच येत नाही. खोकला नाही, रडणं नाही, ओठ निळसर. म्हणूनच मूल खात असताना पाठ फिरवून भांडी घासायची नाहीत.

घास असा अडकलाच तर कुणाला तरी रुग्णवाहिकेला फोन करायला सांगा. मुलाला पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं (मनगटाजवळच्या जाड भागानं) पाच जोरदार थापा मारा. घास निघाला नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या जरा वर मूठ ठेवा आणि आत-वर असे पाच झटके द्या. घास सुटेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत, त्याची पद्धत वेगळी आहे. ती बालरोगतज्ज्ञांकडून आधीच शिकून ठेवा. मूल बेशुद्ध पडलं तर लगेच सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं) सुरू करा. पोटावर झटके दिले असतील तर मूल हसायला-खेळायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आत इजा झालेली असू शकते.