शोधनिबंधातील ‘साहित्य आणि पद्धती’ हा विभाग कसा लिहावा

विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधात ‘साहित्य आणि पद्धती’ हा विभाग बहुधा सर्वांत शेवटी, घाईघाईने आणि प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेतून उतरवून लिहिलेला आढळतो. पुस्तिका काय करावे हे सांगते. शोधनिबंधाने मात्र आपण प्रत्यक्षात काय केले ते सांगायचे असते. पुस्तिकेत मिश्रण ३० मिनिटे ठेवा असे छापलेले असले आणि आपण ते ४० मिनिटे ठेवले असेल, तर शोधनिबंधात ४० मिनिटेच आली पाहिजेत. म्हणून हा विभाग प्रयोग चालू असतानाच, रोजच्या नोंदवहीवरून लिहायला घ्यावा. निष्कर्ष हाती आल्यावर लिहायला बसले, की काय केले यापेक्षा काय करायला हवे होते तेच नकळत कागदावर उतरते.

कोणता तपशील घ्यावा आणि कोणता सोडावा, हा यातला खरा प्रश्न आहे. त्यासाठी एकच कसोटी पुरेशी ठरते: ज्या गोष्टीत बदल झाल्यास निष्कर्षातील आकडा बदलू शकतो, ती गोष्ट लिहावी. तराजूचे लघुतम माप लिहावे, डिशवर खुणा करायला वापरलेल्या पेनाचा रंग लिहू नये. परीक्षानळ्या धुऊन मांडणीत लावल्या, हातमोजे घातले, तक्ते आखले, ही वाक्ये सरळ गाळावीत. पण नळ्या कशाने धुतल्या यावर मापन अवलंबून असेल, उदाहरणार्थ पाण्यातील फॉस्फेट मोजायचे असेल आणि नळ्या फॉस्फेट असलेल्या साबणाने धुतल्या असतील, तर तीच बाब महत्त्वाची ठरते.

क्षारांचा बियांच्या रुजण्यावर होणारा परिणाम हा विद्यार्थ्यांचा आवडता विषय आहे. त्याचा एक कच्चा मसुदा पाहू.

“गव्हाच्या बिया स्वच्छ धुऊन पेट्री डिशमध्ये ठेवल्या. त्यांत वेगवेगळ्या संहतीचे मिठाचे द्रावण घातले. काही दिवसांनी किती बिया रुजल्या ते मोजले.”

यात खोटे काहीच नाही, तरीही हा प्रयोग दुसऱ्या कोणालाही पुन्हा करता येणार नाही. बिया कशाने धुतल्या, एका डिशमध्ये किती ठेवल्या, संहती (द्रावणातील मिठाचे प्रमाण) कोणत्या होत्या, तापमान किती होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मसुद्यात मिळत नाही. तोच मजकूर नीट लिहिला तर असा होईल:

“बिया १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात ५ मिनिटे ठेवून ऊर्ध्वपातित पाण्याने तीन वेळा धुतल्या. ९ सेंटिमीटर व्यासाच्या प्रत्येक पेट्री डिशमध्ये गाळणकागदाचे दोन थर अंथरले, त्यांवर २५ बिया ठेवल्या आणि ५ मिलिलिटर द्रावण घातले. सोडियम क्लोराइडच्या ५०, १०० आणि २०० मिलिमोलार संहती वापरल्या. नियंत्रण गटासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरले. प्रत्येक गटात चार डिश होत्या. कोणत्या डिशला कोणते द्रावण द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. सर्व डिश झाकण लावून २५ ± १ अंश सेल्सिअस तापमानाला ७ दिवस अंधारात ठेवल्या. मूलांकुराची लांबी २ मिलिमीटर किंवा अधिक झाल्यावर बी रुजले असे मानले आणि रुजलेल्या बियांची संख्या दर २४ तासांनी नोंदवली.”

प्रत्यक्ष निबंधात याआधी गव्हाचे शास्त्रीय नाव, वाण आणि बियाणे कोठून मिळवले हे एका वाक्यात यायला हवे. या परिच्छेदातील सर्वांत मोलाचे वाक्य शेवटचे आहे. बी केव्हा ‘रुजले’ म्हणायचे हे ठरवून सांगितले नाही, तर एक जण बियांचे टरफल फुटताच मोजेल आणि दुसरा हिरवा कोंब दिसेपर्यंत थांबेल. दोघांचे आकडे वेगळे येतील आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतील. ‘निरोगी पान’, ‘पूर्ण विरघळणे’, ‘रंग बदलणे’ अशा डोळ्यांनी ठरवायच्या प्रत्येक गोष्टीला अशीच व्याख्या द्यावी. डिशमधील पाण्याची वाफ होऊन द्रावण कमी झाले असेल, तर त्यात नंतर काय घातले हेही लिहावे. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. अशा वेळी पुन्हा मिठाचेच द्रावण घातल्यास संहती दिवसेंदिवस वाढत जाते.

नमुन्याच्या संख्येबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. वरच्या प्रयोगात प्रत्येक गटात २५ बियांच्या चार डिश आहेत, म्हणून ‘प्रत्येक गटात १०० नमुने’ असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु द्रावण डिशला दिलेले आहे, एकेका बीला नाही. एका डिशमध्ये बुरशी आली किंवा द्रावण थोडे जास्त पडले, तर त्यातील पंचवीसही बियांवर त्याचा परिणाम होतो, म्हणजे त्या बिया एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. येथे प्रायोगिक एकक डिश हे आहे आणि पुनरावृत्ती चार आहेत. त्याचप्रमाणे एकाच परीक्षानळीतील द्रावणाचे वाचन तीन वेळा घेणे आणि तीन स्वतंत्र नळ्या तयार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिलीतून उपकरणाचे वाचन किती स्थिर आहे ते कळते, दुसरीतून प्रयोग किती स्थिर आहे ते कळते. ‘तीन वेळा केले’ एवढेच लिहिल्यास वाचकाला यांतले काय ते समजत नाही.

द्रावणांविषयी लिहिताना रसायनाचे पूर्ण नाव आणि त्याचे रूप द्यावे. कॉपर सल्फेटचे ०.१ मोलार (लिटरमागे ०.१ मोल) द्रावण एक लिटर तयार करायला निर्जल रूपातील १५.९६ ग्रॅम पुरतात, तर पाण्याचे पाच रेणू असलेल्या निळ्या स्फटिकांचे २४.९७ ग्रॅम लागतात. फक्त ‘१५.९६ ग्रॅम कॉपर सल्फेट घेतले’ असे वाचून कोणी निळे स्फटिक तोलले, तर त्याचे द्रावण ०.०६४ मोलारचेच होईल. शिवाय ‘एक लिटर पाण्यात मिसळले’ आणि ‘पाण्यात विरघळवून एकूण आकारमान एक लिटर केले’ यांत फरक आहे. मोलार द्रावणासाठी दुसरी रीत बरोबर आहे आणि शब्दही तेच हवेत.

उपकरणांचा नुसता उल्लेख पुरत नाही. उपकरणाचा प्रकार, प्रतिमान (मॉडेल), लघुतम माप आणि ते कसे जुळवून घेतले एवढे यावे: सामू (पीएच) मापक सामू ४ आणि ७ च्या प्रमाण द्रावणांनी जुळवला, तर तसे लिहावे. सेंट्रीफ्यूजचा (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचा) वेग मिनिटाला फेऱ्यांत देण्याची सवय फार पसरलेली आहे आणि ती सोडायला हवी. मिनिटाला ५,००० फेऱ्या हाच वेग ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात गुरुत्वाच्या सुमारे २,२४० पट बल देतो, तर १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात सुमारे २,८०० पट. म्हणून बल गुरुत्वाच्या पटीत द्यावे, किंवा वेगाबरोबर त्रिज्या तरी द्यावी. ‘रात्रभर ठेवले’, ‘खोलीच्या तापमानाला’, ‘थोडे गरम करून’ ही शब्दयोजना बोलण्यात चालते. निबंधात तेथे तास आणि अंश यावेत.

मोजलेल्या आकड्यांचे पुढे काय केले, हा याच विभागाचा भाग आहे. रुजण्याची टक्केवारी कोणत्या सूत्राने काढली, सरासरीसोबतचा ± हा प्रमाण विचलनाचा (आकडे किती विखुरलेले आहेत) आहे की प्रमाण त्रुटीचा (सरासरी किती अनिश्चित आहे), कोणती संख्याशास्त्रीय चाचणी वापरली, सार्थकता पातळी कोणती धरली (बहुधा ०.०५) आणि कोणत्या संगणकप्रणालीची कोणती आवृत्ती वापरली, हे सलग दोन-तीन वाक्यांत मावते. एखादी नोंद विश्लेषणातून वगळली असेल, तर कोणत्या कारणाने आणि कोणत्या नियमाने वगळली ते लपवू नये. नियम आधी ठरला होता की आकडे पाहिल्यानंतर, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

माणसांकडून माहिती घेतली असल्यास त्यांची संमती कशी घेतली आणि संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी होती का, हे लिहावे लागते. प्राण्यांवरील प्रयोगांसाठीही अशी परवानगी होती का ते लिहावे. प्रश्नावली वापरली असेल, तर ती संपूर्ण परिशिष्टात द्यावी.

भाषेबाबत फारसे काही सांगण्यासारखे नाही. भूतकाळ वापरावा. ‘द्रावण तयार केले’ असे म्हटले की पुरते. ‘द्रावण तयार करण्यात आलेले होते’ अशी लांबण लावल्याने लेखन शास्त्रीय होत नाही. साहित्याची वेगळी यादी देऊ नये. वस्तू जेथे वापरली तेथेच तिचा उल्लेख यावा. पद्धत प्रचलित असेल तर मूळ स्रोताचा संदर्भ देऊन आपण केलेले बदल तेवढे सांगावेत. निष्कर्षातील एकही आकडा येथे येऊ देऊ नये, आणि मिठाने रुजणे का मंदावते याची चर्चाही येथे नको. एखादी निवड विचित्र वाटण्याजोगी असेल, तर तिचे कारण अर्ध्या वाक्यात द्यावे: ‘प्रकाशाचा परिणाम टाळण्यासाठी अंधारात ठेवल्या’.

मसुदा झाला की तो प्रयोग न पाहिलेल्या वर्गमित्राच्या हाती द्यावा आणि त्याला एका कागदावर सर्व पायऱ्या क्रमाने, आकड्यांसह मांडायला सांगावे. आपण शेजारी बसावे, पण बोलू नये. तो जेथे अडेल किंवा अंदाजाने आकडा लिहील, तेथे मसुद्यात वाक्य कमी आहे असे समजावे. तोंडी खुलासा करण्याऐवजी नोंदवही उघडून तो आकडा शोधावा. नोंदवहीतही तो नसेल, तर निबंधात तो मोजला नव्हता असे स्पष्ट लिहावे आणि पुढच्या फेरीत तो मोजावा.