लाडक्या शो पोनीची आठवण लिहायचीय? मग त्याच्या ब्रीडरलाही शोधा

घोडा गेला की फेसबुकवर एक फोटो पडतो, खाली चार रडके इमोजी, आणि वर्षभराने कुणी विचारलं की हा कुणाच्या पागेतला, याची आई कोण, याला वाढवला कुणी, तर एकालाही सांगता येत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. घोड्यांच्या स्पर्धेत म्हणजे शोमधे तीन मिनिटं रिंगणात फिरणारं जनावर आपल्याला दिसतं, पण त्याच्यामागे कुणीतरी तीस-चाळीस वर्षं कुठली घोडी ठेवायची, कुठली विकायची, कुठल्या वळूकडे (पैदाशीच्या घोड्याकडे) न्यायची हा विचार करत काढलेली असतात, आणि त्या माणसाचं, म्हणजे ब्रीडरचं, नाव सगळ्यात आधी पुसलं जातं.

आम्ही डिचोलीचे. आमच्याकडे घोडा म्हटला की लोकांना शिगम्यातली घोडेमोडणी, कमरेला लाकडी घोडा बांधून करतात तो नाच, आठवते, खरे घोडे गोव्यात तसे कमीच. पण माझी मावसबहीण इंग्लंडमधे स्विंडनला असते, गोव्याची किती माणसं तिकडे आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, तिची मुलगी तिथे वेल्श पोनीवर, म्हणजे वेल्समधल्या बुटक्या जातीच्या घोड्यावर, शो करायला शिकली. तिचा तो पोनी गेला तेव्हा तिने मला मेसेज केला, मावशी, याच्यावर नीट काहीतरी लिहून ठेवायचंय, सुरुवात कुठून करू? मला घोड्यांचं लहानपणापासून वेड, म्हणून तिने मला विचारलं. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय, आपल्याकडच्या घोड्यांनाही ते लागू होतं.

पहिलं काम कागद, आणि ते अजिबात लांबणीवर टाकायचं नाही. ब्रिटनमधे प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट असतो आणि घोडा गेल्यावर तो 30 दिवसांत ज्या संस्थेने दिला तिच्याकडे परत पाठवावा लागतो. म्हणून पाठवायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, कोऱ्या पानांचासुद्धा, आणि पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून आठवण म्हणून परत मिळेल का हेही सोबत विचारा. आत घोड्याचं रेखाचित्र असतं ते बघा, पांढरे पट्टे लाल रेषांनी भरलेले आणि अंगावरचे भोवरे फुलीने दाखवलेले. माझ्या भाचीच्या पोनीच्या कपाळावर दोन भोवरे होते, एक डोळ्यांच्या रेषेत आणि एक थोडा वर डावीकडे, ती रोज त्याला खरारा करायची त्यामुळे तिच्या हाताला ते माहीत होते पण कागदावर फुल्या बघितल्यावर ती खूप रडली. ते चित्र लेखात टाकाच, फोटोइतकंच मोलाचं आहे.

आता नाव. वेल्श पोनींच्या बाबतीत ब्रीडर शोधणं बरंच सोपं आहे कारण तिकडे स्टडचा, म्हणजे पैदाशीच्या पागेचा, प्रिफिक्स नोंदवतात आणि तो पोनीच्या नावाच्या सुरुवातीला कायमचा चिकटतो, पोनी दहा हातांतून गेला तरी. वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी 1901 सालची, तेव्हापासून ही वंशावळीची पुस्तकं चालू आहेत. आजच्या वेल्श माउंटन पोनींच्या मुळाशी ज्याचं नाव घेतात तो डायोल स्टारलाइट 1894 चा, त्याचे ब्रीडर लॉइड नावाचे गृहस्थ, आणि डायोल म्हणजे त्यांचंच आडनाव इंग्रजीत उलटं लिहिलेलं. तो पोनी म्हातारपणी स्पेनमधे 1929 मधे गेला पण मालक कितीही बदलले तरी लॉइडसाहेब त्याच्या नावात राहिलेच. दुसरं उदाहरण कॉइड कोख स्टडचं, मार्गारेट ब्रॉड्रिक बाईंनी 1924 मधे नॉर्थ वेल्समधे सुरू केलेला. त्यांचा ग्लिनडूर हा वळू 1935 चा, आईचं नाव दिनार्थ हेनोल. म्हणजे बघा, मुलाला कॉइड कोख, आईला दिनार्थ, लगेच कळतं की आई दुसऱ्या पागेतली होती आणि तिथेही कुणीतरी एक ब्रीडर आहे ज्याचा शोध घ्यायला हवा. असं एकेक नाव धरून मागे मागे जायचं.

आणि जाताना आईच्या बाजूने जायचं, यावर मी अडून बसेन. लोक पहिलं विचारतात बाप कोण, कारण बापाचे फोटो असतात, जाहिराती असतात. पण चांगल्या वळूची शेकडो शिंगरं असू शकतात, घोडीला अकरा महिने पोटात वाढवून वर्षाला एकच होतं. घोडेवाल्यांत सावत्र भाऊबहीण म्हणतात ते फक्त एका आईच्या शिंगरांना, एकाच बापाची असली तर तसं म्हणत नाहीत. आणि तिकडच्या नोंदीत ब्रीडर कोण, तर शिंगरू जन्मलं तेव्हा आई ज्याच्या मालकीची होती तो. म्हणून आई सापडली की ब्रीडर सापडतो. निदान चार पिढ्यांच्या आया एका ओळीत लिहा, प्रत्येकीपुढे जन्मसाल आणि कुणाकडे होती ते.

ब्रीडरसोबत अजून एक माणूस असतो, तो म्हणजे जनावराला हाताखाली घेणारा, आपल्या भाषेत मोतद्दार. कॉइड कोखचं नाव घेताना जाणकार लोक ब्रॉड्रिक बाईंसोबत जॉन जोन्स यांचंही नाव घेतात, पाग ते सांभाळत होते. 1978 मधे तो स्टड लिलावात निघाला, बारी नावाचा वळू 21,000 गिनींना (गिनी म्हणजे पाउंडाहून थोडं मोठं जुनं ब्रिटिश चलन) ऑस्ट्रेलियाला गेला, तो आकडा सगळे सांगतात, पण पहाटे उठून चारा टाकणाऱ्याचं नाव लिहिलं नाही तर ते राहत नाही. तुमच्या पोनीला नाल ठोकणारा नालबंद, शोच्या आदल्या रात्री आयाळ गुंफणारी मुलगी, सगळ्यांची नावं विचारून, परवानगी घेऊन टाका.

आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेतून, दत्तजयंतीला तापीकाठी भरते ती, घोडा घेतला की नवीन मालक पहिलं काम नाव बदलायचं करतो, तिथे राजा असलेला इथे म्हापशाला येऊन बादल होतो, पुढच्या मालकाकडे आणखी काहीतरी. कागद बहुतेकदा नसतोच. अशा वेळी सगळी नावं लिहा, कुठलं कुणी ठेवलं त्यासकट, आणि ज्याच्याकडून घेतला त्याला फोन करून त्याच्या आधीचा कोण ते विचारा, मग त्याच्या आधीचा. व्यापाऱ्यापाशी थांबू नका, व्यापारी म्हणजे ब्रीडर नव्हे.

वय माहीत नसेल तर दात बघितलेल्या डॉक्टरला विचारा. पुढचे मधले पक्के दात साधारण अडीच वर्षांत येतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. म्हाताऱ्या घोड्यात वरच्या कडेच्या दातावर एक उभी खाच दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी दिसायला लागते, पंधराला अर्ध्यावर येते, विसाला खालपर्यंत. हे अंदाजच असतात तेव्हा लेखात अंदाजे असंच लिहायचं, उगाच तारीख ठोकून द्यायची नाही.

जुने फोटो जुळवणं हा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात फसवा भाग. सब्जा म्हणजे पांढरट-करडा घोडा जन्मतो काळपट किंवा तपकिरी आणि वयासोबत पांढरा होत जातो, त्यामुळे 2005 च्या फोटोतलं काळपट शिंगरू आणि 2018 च्या फोटोतली दुधासारखी घोडी एकच असू शकते, आणि लोक म्हणतात छे हा वेगळा घोडा. रंगावर जाऊ नका. भोवरे बघा, ते बदलत नाहीत. पायाच्या आतल्या बाजूला जी खडबडीत शिंगासारखी खूण असते ती प्रत्येक जनावराची वेगळी. कुमेत (तांबूस तपकिरी) किंवा मुश्की (काळा) घोडा असेल तर पांढऱ्या पायांची उंची मोजा, कुठला पाय ते नीट लिहा, पंचकल्याणी (चारी पाय आणि तोंड पांढरं) एवढंच लिहून सोडू नका. उंची फोटोवरून कधीच सांगायची नाही. उंची खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात, एक हात म्हणजे 4 इंच, वेल्शमधे सेक्शन ए म्हणजे वेल्श माउंटन पोनीची मर्यादा 12 हात म्हणजे जेमतेम 122 सेंटीमीटर, माणूस उंच असला की पोनी फोटोत अजूनच बुटका वाटतो.

गोव्यातल्या जुन्या मिरवणुकांत किंवा शिवजयंतीला फिरलेला घोडा असेल तर पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा लायब्ररीत जुने पेपर चाळा, दैनिक गोमन्तक 1962 पासून आहे. महिना आणि सण माहीत असला तर काम होतं, नसला तर आधी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून साल पक्कं करा.

ब्रीडरशी बोलणं. फोनवर उरकू नका, जमलं तर जा, आणि फोटोंचे प्रिंट घेऊन जा, वयस्कर माणसाला मोबाइलवर बोटाने मोठं करून दाखवण्यापेक्षा हातात फोटो दिला की बोलणं आपोआप सुरू होतं. बक्षिसांवरून सुरुवात करू नका. विचारा, काका, तुमची पहिली घोडी कुठली? कुणाकडून आणली? विकायची नव्हती तरी विकावी लागली अशी कुठली? या तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसा आणि थांबा, घाई करून पुढचा प्रश्न टाकू नका. चाल कशी ओळखता ते विचारा, रेवाल चालीबद्दल, म्हणजे स्वाराला हिसके न बसणाऱ्या जलद चालीबद्दल, जुन्या माणसांकडे जे ऐकायला मिळतं ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. ते सांगतात त्यातले शब्द तसेच ठेवा, खानदेशी असेल तर खानदेशी, आपल्या छापील मराठीत धुऊन काढू नका. गावाचा पत्ता, फोन, घोड्याची किंमत हे विचारल्याशिवाय छापायचं नाही.

मग लिहायला बसा. जिंकलेल्या रिबनांची यादी शेवटी एका परिच्छेदात टाका, त्या यादीत जीव नसतो. वर काय पाहिजे? जनावर कसं होतं. कानाला हात लावू द्यायचा का, ट्रेलरमधे चढताना कुठला पाय आधी टाकायचा, पाऊस आला की काय करायचा, कुणाचा आवाज ओळखायचा. भाचीने लिहिलंय की तिचा पोनी रिंगणात शिरताना दरवेळी खाली मान घालून वाळूचा वास घ्यायचा आणि मग डोकं वर करून चालायला लागायचा, जज तिकडे बघत असायचे तरी तो घाई करायचा नाही. ते एक वाक्य वाचून मला तो समोर दिसला, मी त्याला कधीच भेटले नव्हते तरी. वाईट गोष्टीही लिहा, चावायचा तर चावायचा. आणि त्याच लेखात ब्रीडरचा परिच्छेद मधोमध ठेवा, तळाला आभार म्हणून नको.

झालं की प्रिंट काढून एक प्रत ब्रीडरला पाठवा, एक मोतद्दाराला, वेल्श असेल तर सोसायटीलाही मेल करा, आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक ड्राइव्हवर. ब्रीडरने काही दुरुस्ती सांगितली तर मूळ ओळ खोडायची नाही, खाली जोडायची, कुणी सांगितलं आणि कधी ते लिहून.