जिगसॉ पझल जुळवताना आणि फ्रेम करताना

पूर्ण झालेले जिगसॉ पझल फ्रेम करायचे की मोडून पुन्हा डब्यात भरायचे, हा निर्णय डबा उघडण्यापूर्वीच घ्यावा, कारण फ्रेमची अर्धी तयारी जुळवणी चालू असतानाच होत असते. हजार तुकड्यांचे चित्र साधारणपणे ७० बाय ५० सेंटिमीटरचे असते. त्यासाठी ८० बाय ६० सेंटिमीटर मापाची एमडीएफची गुळगुळीत फळी कापून आणावी आणि जुळवणी तिच्यावरच करावी. फळी रात्री पलंगाखाली सरकवता येते आणि पुढे चित्र उलटे करताना तीच उपयोगी पडते. नवख्यांनी पाचशे तुकड्यांपासून सुरुवात करावी आणि निम्मे चित्र निळ्या आकाशाने व्यापलेले पझल टाळावे.

सगळे तुकडे प्रथम चित्राची बाजू वर करून ठेवावेत आणि सरळ कडेचे तुकडे वेगळ्या ताटात काढावेत. चाळीस स्तंभ आणि पंचवीस ओळी अशी मांडणी असल्यास कडेचे तुकडे बरोबर १२६ भरतात. एखादा कमी वाटला, तर तो बहुधा इतर तुकड्यांत मिसळलेला असतो. कडेच्या तुकड्यांची चौकट लावल्यानंतर रंगापेक्षा पोत पाहून वर्गवारी करावी, असे माझे मत आहे: विटांच्या रेषा, पानांची गर्दी, अक्षरे. एकसारख्या रंगाचा भाग उरला, की तुकडे खाचांच्या आकारानुसार लावून ठेवावेत. लंडनच्या जॉन स्पिल्सबरी यांनी १७६० च्या दशकात नकाशे महोगनीच्या फळीवर चिकटवून देशांच्या सीमारेषांवरून कापले होते, त्यामुळे मुलांना सीमेचा आकारच वाट दाखवत असे. आजच्या बहुतेक पझलमध्ये कापणीच्या रेषांचा चित्राशी संबंध नसतो, म्हणून चित्र आणि आकार हे दोन्ही स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

आता फ्रेमचे काम. बरेच जण चित्राच्या बाजूने गोंद फासतात. मला ते पटत नाही, कारण त्यामुळे चित्रावर चकाकी येते आणि ब्रशचे ओरखडे कायमचे दिसत राहतात. त्याऐवजी पूर्ण झालेल्या चित्रावर बटर पेपर आणि त्यावर दुसरी फळी ठेवावी, दोन्ही फळ्या चारही बाजूंनी क्लिपांनी घट्ट आवळाव्यात आणि दोघांनी मिळून एका दमात उलटवाव्यात. वरची फळी काढली, की पझलची मागची बाजू समोर येते. तिच्यावर फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाणी न मिसळता जुन्या एटीएम कार्डाने पातळ पसरवावा. पाण्याने पुठ्ठा फुगतो आणि कडा वर उचलल्या जातात, म्हणून गोंद पातळ करण्याचा मोह टाळावा. लगेच त्यावर पझलच्याच मापाचा पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ बोर्ड) चिकटवून, वर फळी आणि पुस्तकांचे वजन ठेवून एक पूर्ण दिवस वाळू द्यावे. एकाच बाजूला ओलावा लागल्याने पुठ्ठा वाकतो, तो वजनामुळे सरळ राहतो. हे काम पावसाळ्यात करूच नये. दमट हवेत गोंद नीट वाळत नाही आणि पुढे बुरशी धरते.

फ्रेमचे माप डब्यावर छापलेल्या आकारावरून देऊ नये, तयार पझल मोजूनच द्यावे आणि प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर मोकळी जागा सोडायला सांगावे, कारण मुंबईत किंवा कोकणात जुलैच्या हवेत पुठ्ठा थोडा प्रसरण पावतो. फ्रेमची पट्टी चित्राची कड काही मिलिमीटर झाकते, म्हणून कडेचे तुकडे पूर्ण दिसावेत असे वाटत असल्यास पझल मोठ्या माउंट बोर्डावर (चित्रामागे लावायच्या जाड पुठ्ठ्यावर) चिकटवून भोवती रुंद समास सोडावा. काच चित्राला टेकली, तर दमटपणात छपाई तिला चिकटू शकते; त्यामुळे काच आणि चित्र यांमध्ये पातळ पट्टी घालून अंतर ठेवावे. मोठ्या आकारासाठी मी काचेपेक्षा अ‍ॅक्रिलिक शीट पसंत करतो, कारण ती हलकी असते. मात्र तिच्यावर ओरखडे लवकर उठतात, म्हणून ती मऊ सुती कापडानेच पुसावी.

फ्रेमची मागची बाजू कागदी टेपने पूर्ण बंद करावी, नाहीतर कसर आत शिरते. थेट ऊन पडणारी भिंत आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत, या दोन्ही टाळाव्यात. खालच्या दोन कोपऱ्यांवर मागून बुचाचे छोटे तुकडे चिकटवले, तर फ्रेम भिंतीपासून किंचित दूर राहते आणि मागे हवा खेळती राहते.