जहाजावरील बॉयलरचा ऑइल बर्नर : रिसेटचे बटण दाबण्यापूर्वी या चुका टाळा

संकेश्वर, निपाणी किंवा चिकोडी भागातील साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये काही गळीत हंगाम काढून जो तरुण जहाजाच्या इंजिन रूममध्ये जातो, त्याला वाफ नवी नसते. पाण्याची पातळी, ब्लोडाऊन, सेफ्टी व्हॉल्व्ह हे सारे त्याच्या हाताखालून गेलेले असते. नवा असतो तो बर्नर. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, भट्टीत आग मंदावली तरी जळता थर धगधगत राहतो आणि फीडर व हवा सांभाळून ती पुन्हा वर आणता येते. तेलाच्या बर्नरला असा थर नसतो. ज्योत विझल्यानंतर भट्टीत गेलेले तेल तापलेल्या भिंतींवर वाफ होऊन साठते आणि पुढच्या ठिणगीची वाट पाहते. जहाजावर नव्याने गेलेल्या माणसाच्या हातून होणाऱ्या बहुतेक गंभीर चुका ‘आग जगवण्याच्या’ या जुन्या सवयीतून होतात.

मालवाहू जहाजावरील सहायक बॉयलर साधारण 7 बार दाबाची वाफ देतो. ती जड तेल तापवण्यासाठी आणि राहण्याच्या भागातील गरम पाणी व उष्णतेसाठी लागते. समुद्रात मुख्य इंजिन चालू असताना त्याच्या एक्झॉस्टच्या उष्णतेवर वाफ तयार होते, त्यामुळे बर्नर बराच काळ विश्रांतीत असतो आणि जहाज बंदराला लागताना, म्हणजे नेमके सर्वांची धावपळ चालू असताना, तो सुरू करावा लागतो. बंद काळात नोझलमध्ये, म्हणजे तेल फवारणाऱ्या तोंडात, तेल सुकलेले असते, ज्योत ओळखणाऱ्या फोटोसेलच्या काचेवर धूळ बसलेली असते, आणि बिघाड नेमका त्याच वेळी दिसतो.

सर्वांत मोठी चूक : पुन्हा पुन्हा रिसेट

स्वयंचलित बर्नरचा क्रम ठरलेला असतो. प्रथम डँपर, म्हणजे हवेच्या वाटेवरील झडप, पूर्ण उघडून पंखा भट्टीतील हवा बाहेर ढकलतो, याला पर्ज म्हणतात. भट्टीतील हवा निदान चार वेळा बदलेल इतका वेळ तो चालावा, असा सर्वसाधारण नियम आहे. नंतर डँपर खाली येतो, इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पडते, विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडून तेल सुटते आणि काही सेकंदांत फोटोसेलला ज्योत दिसली नाही तर तेल बंद होऊन बर्नर लॉकआउटला जातो, म्हणजे रिसेटचे बटण दाबेपर्यंत बंदच राहतो. त्या काही सेकंदांत भट्टीत गेलेले तेल मात्र तिथेच असते. रिसेट दाबून दुसरा प्रयत्न केला की त्यात आणखी भर पडते, तिसऱ्याने आणखी. शेवटी ज्योत पेटते तेव्हा साठलेली तेलाची सगळी वाफ एकदम पेटते, आणि बर्नरचे दार, धुराडे किंवा समोर उभा असलेला माणूस, यांपैकी काय वाचेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

म्हणून पहिल्या लॉकआउटनंतर एकदा, पूर्ण पर्ज होऊ देऊन, प्रयत्न करावा. तोही फसला तर बटणाला हात लावू नये. निरीक्षणाच्या काचेतून भट्टीच्या तळाशी तेल साचले आहे का ते पाहावे, साचले असल्यास ते पुसून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि मगच कारण शोधावे. घाईत पर्जची वेळ कमी करणे, तापलेल्या भिंतीच्या भरवशावर ठिणगीशिवाय तेल सोडणे, किंवा फोटोसेलला बॅटरी दाखवून कंट्रोलरला फसवणे या तीन गोष्टी अनुभवी म्हणवणारी माणसेही करतात. त्यांच्याकडून बाकीचे सर्व शिकावे, हे शिकू नये. पेटवताना बर्नरच्या समोर न राहता बाजूला उभे राहावे, हा नियम मॅन्युअलमध्ये असो वा नसो, पाळावा.

तेलाचे तापमान अंदाजाने ठेवणे

बर्नर पेटत नाही म्हटले की नोझल आणि ट्रान्सफॉर्मरवर संशय घेतला जातो. माझ्या मते आधी तेलाचे तापमान पाहावे. प्रेशर जेट बर्नरमध्ये तेल नोझलमागील छोट्या चकतीच्या तिरक्या खाचांतून गरगरत आत शिरते आणि मधल्या बारीक छिद्रातून पोकळ शंकूच्या आकाराच्या फवाऱ्याने बाहेर पडते. हा फवारा नीट फुटण्यासाठी तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, बर्नरपाशी साधारण 15 ते 20 सेंटीस्टोक असावी लागते. ज्या जड तेलाची व्हिस्कॉसिटी 50 अंश सेल्सिअसला 380 सेंटीस्टोक आहे, ते त्यासाठी सुमारे 120 अंशांपर्यंत तापवावे लागते. तापमान कमी पडले तर थेंब मोठे राहतात, ज्योतीच्या टोकाला काळ्या रेघा दिसतात, ठिणग्या उडतात आणि भट्टीच्या भिंतीवर कोक जमतो. याउलट जास्त तापवले तर तेलात वायू सुटतो, ज्योत धडधडते आणि नोझलच्या तोंडाशीच कार्बन बसतो.

1 जानेवारी 2020 पासून जहाजाच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा 0.50 टक्के झाली आणि कमी गंधकाची तेले सर्रास आली. या तेलांची व्हिस्कॉसिटी एका बंकरपासून (एका वेळी जहाजात भरलेल्या तेलापासून) दुसऱ्या बंकरपर्यंत खूप बदलते. मागच्या बंकरला जे तापमान चालले तेच या बंकरला ठेवणे ही आजकालची अत्यंत सामान्य चूक आहे. तेलाच्या तपासणी अहवालातील व्हिस्कॉसिटी पाहून तक्त्यावरून तापमान काढावे. हीटरवरील जुन्या खुणेवर जाऊ नये.

डिझेलसारख्या हलक्या मरीन गॅस ऑइलवर जाताना धोका उलट बाजूने येतो. त्याची व्हिस्कॉसिटी 40 अंशांलाच 2 ते 6 सेंटीस्टोक असते, त्यामुळे हीटर चालू राहिला किंवा गरम पाइपमध्ये ते एकदम सोडले तर वाफ धरते, पंपाला तेल मिळत नाही आणि ज्योत अचानक जाते. हीटर आधी बंद करून, पाइप थंड होऊ देऊन बदल करावा आणि त्या काळात बर्नरपासून दूर जाऊ नये. जड तेलावर न गळणारे सील पातळ तेलावर गळू लागतात, तेही पाहावे.

दाब कमी करून ज्योत लहान करणे

साध्या प्रेशर जेट नोझलमधून जाणारे तेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. तेल निम्मे करायचे तर दाब एक चतुर्थांशावर आणावा लागतो, आणि त्याहून कमी दाबाला फवारा फुटतच नाही, तेल नुसते ओघळते. म्हणून अशा बर्नरची ज्योत फार तर निम्म्यापर्यंत लहान करावी. त्याखालील भारासाठी तो बंद-चालू होऊ द्यावा किंवा लहान नोझल बसवावे. वाफेच्या साहाय्याने फवारा करणारे बर्नर याहून खूपच खालपर्यंत जातात, पण ती वाफ कोरडी हवी. तिच्यात पाणी आले की ज्योत थुंकल्यासारखी तुटते. फिरत्या कपाचा रोटरी बर्नर मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतो आणि दाट तेलही पेलतो, पण कपाच्या कडेला चिकटलेला कार्बन खरवडताना एक ओरखडा पडला तरी फवारा एकांगी होतो.

काळा धूर दिसताच तेलाचा व्हॉल्व्ह पिळणे

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा फवारा खराब. पांढरा धूर म्हणजे बहुधा हवा गरजेपेक्षा जास्त, किंवा न जळलेल्या तेलाची वाफ. काळा धूर दिसल्यावर तेलाचा दाब कमी केला तर वर सांगितल्याप्रमाणे फवारा आणखी बिघडतो आणि धूर वाढतो. त्याऐवजी हवेचा मार्ग तपासावा : पंख्याची जाळी तेलकट धुळीने बुजली आहे का, डँपरच्या दांडीचा स्क्रू सरकला आहे का, हवेला गरगर फिरवणाऱ्या स्वर्लरच्या पात्यांवर कार्बन आहे का. इंजिन रूमचे पुरवठ्याचे पंखे बंद असतील तर बर्नरच्या पंख्यालाही हवा अपुरी पडते, आणि हे कारण शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. भार वाढवताना आधी हवा आणि मग तेल, कमी करताना आधी तेल आणि मग हवा, हा क्रम हाताने चालवताना चुकू नये.

ज्योत मधूनमधून तडतडत असेल आणि वरील सर्व ठीक असेल, तर तेलात पाणी असावे असे समजून सेटलिंग टँकमधील, म्हणजे तेल निवळवण्याच्या टाकीतील, पाणी सोडावे.

दुरुस्तीच्या हातच्या चुका

नोझलच्या छिद्रात लोखंडी तार घालून कोक काढणे हा मोह आवरावा. छिद्र अगदी थोडे लंबगोल झाले तरी शंकू तिरपा होतो आणि ज्योत एका भिंतीला लागते. नोझल डिझेलमध्ये भिजत ठेवून पितळी ब्रशने किंवा लाकडी काडीने साफ करावे, चकतीच्या खाचा उजेडात धरून पाहाव्यात, आणि छिद्र झिजले असल्यास नवे नोझल बसवावे. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर हात बसलेल्या माणसालाही हे छिद्र पुन्हा घडवण्याचा मोह होऊ नये. इलेक्ट्रोडमधील अंतर आणि नोझलपासूनची जागा मॅन्युअलप्रमाणे गेजने लावावी, कारण फवारा इलेक्ट्रोडला लागला की त्यावर कार्बन धरतो आणि ठिणगी भलतीकडेच जाते. चिनी मातीच्या इन्सुलेटरला केसासारखी तडा असेल तर बाहेर काढून पाहताना ठिणगी छान दिसते, आत तापल्यावर मात्र नाहीशी होते.

बर्नर बंद असताना धुराड्यातून पांढुरकी वाफ दिसली, तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह गळतो आहे असे समजावे. हाताचा व्हॉल्व्ह ताबडतोब बंद करावा, पंखा चालवून भट्टी मोकळी करावी, आणि सोलेनॉइड उघडून त्याच्या सीटवर अडकलेला कण काढेपर्यंत किंवा सीट बदलेपर्यंत तो बर्नर ऑटोवर ठेवू नये.