शाडूच्या मूर्तीचा निखळणारा हात

गणपतीचा हात वाळल्यावर निखळला की सगळे घोळाला (सांधा जोडायला लावतात त्या मातीच्या चिखलाला) नावं ठेवतात: पातळ झाला, कमी पडला. बहुतेक वेळा घोळ बिचारा निर्दोष असतो. मूर्तीचं धड दोन दिवसांपूर्वीचं, बरंचसं आकसून झालेलं. हात आजच्या ओल्या मातीचा, त्याचं आकसणं अजून व्हायचंय. ओढाताण सांध्यावर येते आणि तिथेच भेग पडते. माणसांतही एकाच्या मनातून भांडण वाळून गेलेलं असतं, दुसऱ्याचं अजून ओलं असतं; मध्ये कितीही ‘सॉरी’ थापलं तरी धरत नाही.

म्हणून आधी ओल सारखी करा. धडावर नख दाबून पाहा: ओरखडा उठावा, पण नख रुतू नये. हातही तेवढाच घट्ट होऊ द्या. धड जास्त सुकलं असेल तर वरून पाणी ओतू नका. वर चिखल होतो, आत कोरडंच राहतं. ओलं फडकं पिळून गुंडाळा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि रात्रभर हात लावू नका. (घाईघाईने समजूत काढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) धड पार खडखडीत झालं असेल तर जोडायच्या फंदात पडू नका. फोडून भिजत घाला. कच्ची माती पुन्हा मळता येते.

आता कोरणीने दोन-तीन मिलिमीटर खोल, उभ्या-आडव्या रेघा मारा, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूने खरवडून भागत नाही. त्याच मातीचा दाट घोळ लावा आणि हात किंचित फिरवत दाबा. घोळ चहूबाजूंनी बाहेर आला म्हणजे आतली हवा गेली. सांध्याभोवती मातीची बारीक वळी बसवून ती दोन्हीकडे ओढून घ्या. टेकू ओल्या मातीचाच द्या. लाकडाचा टेकू आकसत नाही, धड खाली बसतं आणि हात उचकटतो.

सावलीत वाळवा, पंखा बंद. बोटं आधी सुकतात, त्यांना ओलसर फडकं गुंडाळून ठेवा.

तरी भेग पडलीच तर ओला बोळा फिरवून बुजवू नका. रंगानंतर ती पुन्हा उघडते. कोरणीने मुळापर्यंत रुंद करा, कडा ओलसर करा आणि कापसाचे तंतू मिसळलेली घट्ट माती ठासा. पातळ माती भरली तर तीच आकसून शेजारी नवी भेग पडते. भरलेली जागा आजूबाजूच्या रंगाची, फिकट दिसेपर्यंत प्रायमर लावू नका.